बसलेलं नाणं

टांकसाळीतल्या माणसांच्या लेखी नाणी दोनच जातींची. एक चालती, दुसरी बसलेली. चालती म्हणजे रोजची, खिशात खुळखुळणारी, या हातातून त्या हातात जाणारी आणि शेवटी झिजून बँकेत परत येणारी. बसलेली म्हणजे कसल्या तरी शताब्दीनिमित्त काढलेली, लोकांनी कौतुकानं घेऊन कपाटात ठेवलेली. राबणाऱ्याच्या नशिबी ओरखडे आणि बसून राहणाऱ्याला मखमली डबी. जगाची रीतच अशी, तिथं नाणी तरी कशी सुटतील?

ठसेबाईंनी उभी नोकरी चालत्या नाण्यांचे ठसे कोरण्यात घालवली होती. चित्र वरून ठरून यायचं, ते पोलादात उलटं कोरायचं आणि ठसा नाणी पाडणाऱ्या यंत्रांकडे पाठवायचा. स्वतःचं डोकं त्यात घालायचं नाही. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी अख्खी टांकसाळ त्यांना ठसेबाईच म्हणायची, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

एके दिवशी खजिन्याचे हिशेबनीस स्वतः जिना चढून त्यांच्या खोलीत आले. सडपातळ, नीटनेटका माणूस. बोलताना चष्म्याची काडी चावायची सवय.

"बाई, शहरात नळाचं पाणी येऊन शंभर वर्षं होतायत. वीसचं शोभेचं नाणं काढायचंय. आणि चित्रही तुम्हीच काढायचं, असं वर ठरलंय."

ठसेबाईंच्या हातातली कोरणी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना चित्र विचारत होतं. आनंद झाला, पण तो दाखवायचा कसा ते न कळून त्यांनी भलतंच विचारलं, "शोभेचं कशाला? साध्या वीसवरच काढू की. लोकांच्या हातात तरी राहील."

"हातात राहायला नकोच आहे," हिशेबनीस म्हणाले आणि समोरच्या स्टुलावर बसले. शिकवायला मिळालं की हा माणूस खुलायचा. "हे बघा. वीसचं नाणं पाडायला आपल्याला सव्वातीन पडतात. लोक ते वीस देऊन घेतात. ते बाजारात फिरलं, झिजलं, बँकेत आलं, की आपण ते वीसलाच परत घेतो. म्हणजे घेतलेले पैसे परत दिले. पण तेच कुणाच्या कपाटात बसलं, तर मागायला कुणी येतच नाही. वरचे पावणेसतरा सरकारचे."

"आणि बाजारात तेवढं एक नाणं कमी पडतं, त्याचं काय?"

"ते भरून काढायला दुसरं पाडायचं. परत येईपर्यंत त्यातही पावणेसतरा."

"म्हणजे पैसा वाढत जाणार की."

"कागदावर वाढतो. पण कपाटातला पैसा काही विकत घेत नाही, त्यामुळे भाव काही चढत नाहीत. रस्त्यावरचं चलन होतं तेवढंच राहतं."

"आणि एके दिवशी सगळ्यांनी कपाटं उघडली तर? सगळीच परत आली तर?"

हिशेबनिसांनी चष्म्याची काडी तोंडातून काढली. माणूस खोटं बोलणारा नव्हता. "तर जेवढं कमावलं तेवढं ओकावं लागेल. म्हणून तर म्हणतो बाई, चित्र असं काढा की कुणाला ते खर्चायचा धीर होऊ नये."

ठसेबाईंनी नळाखाली धरलेली ओंजळ काढली. हात आईचे. उजवी करंगळी किंचित बाहेर वळलेली, अंगठ्याच्या सांध्याशी गाठ, बोटं जाड. नाण्याच्या कडेला त्यांनी पाण्याच्या लाटांसारखी नागमोडी नक्षी दिली. चित्र एका फटक्यात मंजूर झालं. हात कुणाचे, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घरीही त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर खोल्या. दुकान सुया, दोरे, बटणं, हुक, लेस यांचं. नवरा गेल्यावर आईनं ते उभं केलं होतं आणि त्याच्या जोरावर दोन पोरं वाढवली होती. आता दुकान धाकट्याकडे, म्हणजे ठसेबाईंच्या भावाकडे होतं. पण गल्ल्यावर अजून आईच बसायची. तिच्या डोळ्यांत नुसता उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला होता. नोटा धाकटा बघायचा, नाणी आई. गिऱ्हाइकानं नाणं तळहातावर ठेवलं की तिचा अंगठा कडेवरून एक फेरी मारायचा आणि ती म्हणायची, "पाच." किंवा "दहा." गुळगुळीत कड पाचची, रेघांची दहाची, जाड काठाचं ते वीस. सबंध बाजार त्या अंगठ्याचं कौतुक करायचा. कौतुक करत नव्हता तो फक्त धाकटा, कारण एकदा तिनं यंत्रात टाकायचं एक टोकन दहा म्हणून घेतलं होतं.

"आई, पुन्हा असं झालं तर तू आत बसायचं," त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. "दुकानाची पत जाते."

"झालं तर बसेन," आई म्हणाली होती. "आधी होऊ तर दे."

हे बोलणं ठसेबाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं. त्या खुर्चीवर आई दुकानदारीण होती. लोक तिला विचारत, तिच्याशी घासाघीस करत, तिला हसवत. आत गेली की तिला पाण्याचा पेलासुद्धा कुणीतरी हातात द्यायचा. खुर्ची गेली तर आई झपाट्यानं खचेल, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

म्हणूनच त्यांच्या डोक्यात ते वेड शिरलं. नाणं आईला आपण नेऊन द्यायचंच नाही. ते आपल्या पायांनी दुकानात यावं, एखाद्या गिऱ्हाइकानं सहज तिच्या हातावर ठेवावं, अंगठा करंगळीपाशी थबकावा आणि आईनं भर दुकानात म्हणावं, "अगं, हे तर माझे हात!" मग धाकट्याची काय बिशाद होती आईला उठवायची. चांगली कर्ती-सवरती बाई, पण या बाबतीत अगदी लहान पोरीसारखी मनातले मांडे खात बसली.

नाणं निघालं. बँकेसमोर रांगा लागल्या. पहिली खेप दुपारपर्यंत संपली. टांकसाळीत दुसरी खेप निघाली, मग तिसरी. रोजचं वीस पाडणारी यंत्रंसुद्धा शोभेच्या कामाला जुंपली. हिशेबनीस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले.

"बाई, शंभरातली पंच्याण्णव बसली! असं कधी झालं नव्हतं. रोजची नाणी काय, पुढच्या तिमाहीत पाडू."

त्यांचा आनंद खरा होता. ठसेबाई हसल्या, पण मनात त्यांचा दुसराच हिशेब चालू होता. पंच्याण्णव बसली म्हणजे आईपर्यंत पोचणार किती?

घरी तर आणखीच मजा. धाकट्यानं स्वतः रांगेत उभं राहून पाच नाणी आणली होती आणि वहिनीनं ती रुमालात बांधून कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

"ताई, तुमच्या टांकसाळीनं या वेळी काय झकास काम केलंय!" धाकटा म्हणाला. ज्या हातांनी त्याला भरवलं, ते हात त्यानं भिंग लावून पाहिले आणि तरी ओळखले नाहीत.

"हात तेवढे जरा म्हातारे वाटतात, नाही का वन्सं?" वहिनी म्हणाली. "पण असू दे. पोरीच्या लग्नापर्यंत चांगली किंमत येईल त्यांना."

दुसऱ्या दिवशी ठसेबाईंनी पगारातून ओंजळभर नाणी घेतली आणि बाजारात चालवायला सुरुवात केली. भाजीवालीला एक दिलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि गल्ल्यात न टाकता पदराला बांधलं. दुकानासमोरच्या किल्लीवाल्याकडे एक किल्ली करून घेतली; त्यानं नाणं खिशात घातलं, दुसऱ्या, आतल्या खिशात. चहावाल्यानं नाणं ठेवून घेऊन वर विचारलं, "आणखी आहेत का हो?" एक पाऊल चालायचं आणि बसायचं, असा त्या नाण्याचा स्वभावच झाला होता. ठसेबाईंकडच्या किल्ल्या तेवढ्या वाढल्या.

इकडे बाजारात रोजची वीसची नाणी मिळेनाशी झाली. नवीन पडत नव्हती आणि जुन्यांसाठी सगळ्यांचीच ओढाताण. ज्याला त्याला सुट्या पैशांची चणचण. आणि या चणचणीपायीच, ठसेबाईंनी इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते एकदाचं घडलं. फक्त घडलं ते त्या कामावर असताना, आणि पार उलटं.

शिवणक्लासवाल्या बाई जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी डझनभर बटणं घेतली. पर्समध्ये दुसरं काही सुटं नव्हतं, म्हणून जिवावर येऊन त्यांनी शोभेचं वीस काढलं आणि आईच्या हातावर ठेवलं. अंगठा कडेवरून फिरला. थांबला. पुन्हा फिरला. कड नागमोडी, काठ बोचरा.

"हे नाही चालायचं," आई म्हणाली. "दुसरं द्या."

"का बरं?"

"खोटं आहे."

"खोटं?" शिवणक्लासवाल्या बाईंचा आवाज चढला. "मी तासभर रांगेत उभं राहून बँकेतून आणलंय ते! मी खोटी नाणी चालवते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

चार माणसं वळून बघायला लागली. धाकटा धावत आला, नाणं पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. "आई, अगं खरं आहे हे. सरकारी आहे."

आईनं पुन्हा चाचपलं. ती हट्टाला पेटली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "याला कुणाचा हात लागलेला नाही रे," ती म्हणाली. "पैसा असा नसतो."

शिवणक्लासवाल्या बाई बटणं तिथंच टाकून गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग क्लासातल्या सगळ्या पोरींचं गिऱ्हाईकही गेलं. धाकटा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं."

आई उठली. भिंतीला हात लावत आत गेली.

संध्याकाळी ठसेबाई घरी आल्या तेव्हा गल्ल्यावर धाकटा होता. त्यानं सगळं सांगितलं.

"अरे, चूक आईची नाही, माझी आहे. मीच सांगितलं नाही तिला. ते हात तिचेच आहेत."

धाकट्यानं खिशातून नाणं काढून पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पण खुर्ची काही त्यानं सोडली नाही. "चूक कुणाची का असेना ताई, गिऱ्हाईक तर गेलं. उद्या आणखी नवं नाणं निघालं की पुन्हा हेच. रोज कुणाकुणाची समजूत घालू मी?"

त्यात तथ्य होतं. ठसेबाई आत गेल्या.

आई आतल्या खोलीत पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात वर्षानुवर्षांची उरलीसुरली बटणं, पितळी हुक, बकलं, सगळी खिचडी. तिला काहीतरी काम म्हणून वहिनीनं तो निवडायला दिला होता. ठसेबाई तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"माझे हात?" आई म्हणाली. "कुणाला विचारून?"

"आई!"

"नाही, विचारते आपली. आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुझं तुलाच कळावं असं वाटलं गं. हातात पडल्या पडल्या."

"बोटांना रोजची माणसं कळतात, पोरी. कधी न भेटलेल्याला ओळखायला डोळे लागतात, ते कुठं आहेत माझ्याकडे?" आईचा आवाज बोलता बोलता बारीक झाला. मग तिनं नाक ओढलं आणि हात पुढे केला. "आहेत का तुझ्याकडे? आण."

ठसेबाईंनी पर्स उपडी केली. आईनं एक-एक नाणं चाचपलं आणि सगळी त्या डब्यात टाकून दिली. "राहू देत. होईल ओळख."

मग रोजचा उद्योग सुरू झाला. आई डबा हलवायची, मूठभर काढायची, बटणं वेगळी, हुक वेगळे. नाणं हाताला लागलं की "वीस" म्हणून परत डब्यात टाकायची. दिवसभर आतून खडखडाट ऐकू यायचा. टांकसाळीतून आरशासारखी निघालेली ती नाणी आठवडाभरात मंद झाली, पंधरवड्यात काळवंडली. हुकांनी त्यांच्यावर ओरखडे काढले, बकलांनी काठ बोथट केले. ठसेबाईंनी एक हातात घेऊन पाहिलं. एका-एका नखासाठी त्यांनी अख्खा दिवस घातला होता; आता नखं कुठली आणि बोटं कुठली ते शोधावं लागत होतं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आईला थांबवावं असं मात्र वाटलं नाही.

बाहेर सुट्या पैशांची बोंब वाढतच होती. शाळा उघडायच्या आधीची सुट्टीची सकाळ आली. गणवेशाच्या बटणांसाठी दुकानात ही गर्दी! जो तो मोठी नोट पुढे करत होता आणि धाकट्याच्या गल्ल्यात सुटं औषधालाही नव्हतं. दोन गिऱ्हाइकं वस्तू टाकून गेली. तिसरं जायला निघालं. ठसेबाई बटणं मोजून द्यायला उभ्या होत्या; त्यांनीही पर्स झटकून दाखवली.

"अगं, ती कपाटातली पाच काढ!" धाकटा जिन्याकडे तोंड करून ओरडला.

"खबरदार!" वरून वहिनीचा आवाज आला. "पोरीच्या लग्नाची आहेत ती!"

तेवढ्यात आतला पडदा सरकला. डबा पोटाशी धरून आई येत होती. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती गल्ल्यापाशी आली, थांबली आणि म्हणाली, "सरक."

धाकट्यानं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग तो सरकला.

आईनं डबा मांडीवर घेतला, आत हात घातला आणि बटणांच्या गराड्यातून नाणं बरोबर उचललं. "वीस. हे घ्या सुटे."

गिऱ्हाईक एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी नाणं उजेडात धरलं. "अहो आजी, हे तर अगदी घासलेलं आहे. असलं कुणी घेईल का?"

"घासलेलं म्हणजे चाललेलं," आई म्हणाली. "बिनधास्त घ्या."

गृहस्थ कुरकुरत गेले. ठसेबाईंनी दारातून पाहिलं. ते रस्ता ओलांडून किल्लीवाल्याकडे थांबले, एक कुलूप घेतलं आणि ते वीस त्याला देऊन टाकलं. किल्लीवाल्यानं एकदा त्या कळकट नाण्याकडे पाहिलं आणि आतल्या खिशात नाही, तर समोरच्या गल्ल्यात फेकलं. ठसेबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. इतके महिने त्यांनी ज्याला हात धरून चालवलं तरी जे चाललं नव्हतं, ते आता कुणी न सांगता चालत होतं. सांभाळून ठेवावं असं त्यात काही उरलंच नव्हतं.

दुपारपर्यंत डब्यातली नाणी संपली आणि बटणं तेवढी राहिली. गर्दी ओसरली. धाकट्यानं माडीवरून एक स्टूल आणलं, गल्ल्याच्या शेजारी ठेवलं आणि त्यावर बसला. खुर्ची त्यानं मागितली नाही.

दिवेलागणीला एक बाई आली, पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं घेतली आणि आईच्या हातावर एक नाणं ठेवून गेली. अंगठा कडेवरून फिरला आणि मध्येच थांबला.

"वीस," आई म्हणाली. मग हसली. "आणि हे माझ्या डब्यातलं आहे. कडेला हुकाचा ओरखडा आहे बघ, तोच."

ठसेबाई जवळ आल्या. तेच होतं. दिवसभरात कुठं कुठं जाऊन आलं होतं कोण जाणे. थोडं तेलकट झालं होतं. आईनं ते उलटं केलं आणि चित्रावरून बोट फिरवलं, या वेळी सावकाश.

"करंगळी वाकडी ठेवलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर मला माझे हात ओळखू आले नसते."

ठसेबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईला ते दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

"तुझ्या त्या हिशेबनिसांना सांग," आई म्हणाली, "एक परत आलं म्हणून."

मग तिनं ते नाणं गल्ल्यातल्या वीसच्या कप्प्यात टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी हात पुढे केला.